वाढला कशाला म्हणायचं

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या स्टँडवर फलकांची दाटी होते. कुणाला ‘घवघवीत यश’ मिळालेलं असतं, कुणाला ‘नेत्रदीपक’, कुणाला ‘उज्ज्वल’. त्याच रांगेत एखादा ‘यशस्वी उद्योजक’ हात जोडून उभा असतो आणि त्याच्या शेजारी कुणाची तरी ‘यशस्वी घोडदौड’ चाललेली असते. मी १९७६ साली दहावी झालो. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचं बोर्ड नुकतंच सुरू झालेलं होतं. माझ्या निकालाला यश हा शब्द कुणी लावला नाही. दादा म्हणाले, “सुटलास बाबा,” आणि दुसऱ्या दिवशी मी कुळवामागं होतो.

फलकांचा मला राग नाही. पोराचं कौतुक आईबापानं करायचं नाही तर कुणी करायचं? पण ते वाचताना शेतकरी माणसाच्या मनात एक विचार येतोच. पिकाचं बरं चाललंय की वाईट, हे सांगायला आमच्याकडं ढीगभर शब्द आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. माणसाचं बरं चाललंय का हे सांगायची वेळ आली की मात्र आपण दोन-तीन शब्दांवर भागवतो. यशस्वी झाला. सेट झाला. लाईनीला लागला. पिकाला जी नजर लावतो ती माणसाला लावली तर काय दिसेल, ते बघायचं मनात आहे.

आमचा भाग मंगळवेढ्याचा. काळं रान, पाऊस थोडा आणि पीक म्हणजे ज्वारी. मालदांडी. हस्त नक्षत्राच्या आगेमागे पेरायची आणि पुढं जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती काढायची. पेरली की पहिला शब्द ‘उगवली’. मग ती ‘रानाला लागली’, म्हणजे मुळं धरली. मग ‘जोम धरला’, मग ‘पोटरीत आली’, मग ‘निसवली’. त्यानंतर फुलोरा, मग दाण्यात चीक, मग हुरडा आणि सगळ्यांत शेवटी ‘दाणा भरला’. एवढ्या पायऱ्या चढून होईपर्यंत शहाणा शेतकरी ज्वारी चांगली आली असं तोंडानं म्हणत नाही. बांधावरून जाणारा म्हणाला, “यंदा जोरात हाय की ज्वारी,” तर त्याला उत्तर मिळतं, “बघू, घरात यील तवा खरं.”

हा नम्रपणा नव्हे, अनुभव आहे. निसवायच्या टायमाला ओल संपली तर ताट हिरवंगार दिसतं आणि कणीस बाहेर पडतच नाही. त्याचं बाटूक होतं, जनावरापुढं टाकायचं. कधी दाणा भरला तरी पोचट निघतो. कधी काणी पडते. काणी पडलेलं कणीस लांबून भरल्यासारखंच दिसतं. हातात घेऊन चोळलं की दाण्याच्या जागी काळी भुकटी. आणि कधी याच्या उलट. रान फार कसदार, वरून खताचा मारा. ताट माणसाच्या डोक्याच्या वर जातं, येणारा-जाणारा थांबून बघतो, आणि एका रात्रीत वारा सुटला की सगळी ज्वारी लोळते. उंची होती, बूड नव्हतं.

म्हणून आमच्या भाषेत वाढ वेगळी आणि पीक वेगळं. नुसत्या वाढीला आम्ही चांगलं नाव देत नाही. गाजरगवत ‘फोफावतं’. हरळी ‘माजते’. वेडी बाभूळ ‘पसरते’. हे सगळं इंग्रजी खतावाचून, फवारणीवाचून, कर्जावाचून जोमात असतं. वाढ हेच जर माप धरलं तर आमच्या शिवारात सगळ्यांत भरभराटीला आलेलं कोण, तर गाजरगवत. ते बहरलं असं मात्र कुणी म्हणत नाही. शब्द निवडतानाच आम्ही निवाडा करून टाकतो, की ही वाढ दुसऱ्याच्या मुळावर आलेली आहे.

माणसाच्या बाबतीतही हा निवाडा जुन्या बोलण्यात होता. ‘माजला’ हा शब्द त्याच कामाचा. पैसा आला, माणूस वाढला आणि आसपासच्यांना त्याची सावली लागण्याऐवजी काटा लागू लागला की म्हातारी माणसं म्हणत, “माजलंय.” पैसा किती आला याचा त्या शब्दाशी संबंध नसे. दोन एकरवालाही माजू शकत असे आणि पन्नास एकरवालाही साधा राहू शकत असे. आता हा शब्द भांडणात तेवढा उरला. कौतुकाच्या फलकावर वाढ आणि माज एकाच अक्षरात छापले जातात.

माझे दोन मुलगे. थोरला पुण्याकडं चाकणला कंपनीत आहे, धाकटा माझ्याबरोबर शेतात. पाहुणे आले की म्हणतात, “थोरला सेट झाला तुमचा. धाकट्याचं काय?” ‘काय’ या शब्दावर जो सूर लागतो तो लिहून दाखवता येत नाही. धाकट्यासाठी मुली बघायला लागलो तेव्हा एका मध्यस्थानं विचारलं,

“पोरगं काय करतंय?”

“शेती.”

“ती असू द्या हो. करतंय काय?”

मी शेतीच म्हणालो. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. पोराच्या माहितीच्या कागदावर शेती कामाच्या रकान्यात लिहायची नसते, मालमत्तेच्या रकान्यात लिहायची असते, हे मला त्या दिवशी कळलं. पहाटे चारला मोटर चालू करायला उठणारं, दोन म्हशींच्या धारा काढणारं, मालदांडीचं बियाणं पारखून ठेवणारं पोरगं ‘काहीच करत नाही’ असं ठरतं. गावोगाव अशी तिशी उलटलेली पोरं आहेत. त्यांच्यात खोट नाही. त्यांच्यासाठी शब्द नाही, ही खोट आहे. मुलीच्या बापालाही मी दोष देत नाही. त्यानं आपल्या बायकोचे हात बघितलेले असतात. पण त्याला पोटापाण्याची हमी हवी असेल तर त्यानं तसं विचारावं. कष्टाच्या कामाला ‘काहीच नाही’ म्हणू नये.

आणि ज्याला सेट म्हणतात त्याचं ऐका. दिवाळीला थोरला आला होता. पाहुण्यांसमोर काही बोलला नाही. रात्री अंगणात बाजेवर पडल्यावर म्हणाला, “आबा, घराचा वीस वर्षांचा हप्ता आहे. एकविसाव्या वर्षी सेट होईन बहुतेक.” दोघंही हसलो. तो कष्टाळू आहे, त्याची कंपनी चालते तोवर त्याचं चालतं. ज्वारीच्या भाषेत सांगायचं तर थोरला पोटरीत आहे आणि धाकटाही पोटरीतच आहे. दोघांच्या मुळाशी ओल किती हे अजून कुणाला दिसलेलं नाही. लोकांनी मात्र एकाची रास मापून टाकली आणि दुसऱ्याचं बाटूक केलं.

आता बोलण्याची आणखी एक तऱ्हा बघा. शेतकरी ‘मी ज्वारी यशस्वी केली’ असं कधी म्हणत नाही. तो म्हणतो, ‘ज्वारी आली’, ‘रान पिकलं’, ‘हंगाम साधला’. करणारा तो, पण वाक्यात तो नाहीच. पुढं रान, पाऊस, हंगाम. आणि गेलं तरी ‘पीक गेलं’, ‘हातचं गेलं’. पेरावं ते उगवतं हे खरं, पण पेरलं की उगवतंच हे खरं नाही, एवढं या बोलण्यात मुरलेलं आहे. याचा एक तोटाही आहे, तो लपवून उपयोग नाही. आळशी माणूस या वाक्यामागं छान लपतो. वेळेवर पाळी घातली नाही, बियाणं चोळून लावलं नाही आणि म्हणायचं, पीक आलं नाही. म्हणून आमची आजी विचारायची, “आलं न्हाई का आणलं न्हाई?” तेवढा प्रश्न विचारणारं माणूस घरात असावं.

पण दुसऱ्या टोकाचा तोटा त्याहून मोठा आहे. शाळेतला ‘पास-नापास’ आता शेतात आला. आमच्या शेजारच्या गावात एकानं डाळिंब लावलं होतं. सांगोल्याकडची डाळिंबं बघून आमच्याकडंही पुष्कळांनी लावली. पहिली चार वर्षं त्याचं नाव प्रगतशील शेतकरी म्हणून घेतलं गेलं, सत्कार झाला, फेटा बांधला. मग तेल्या आला. फळावर तेलकट डाग, मग तडे, मग बाग उपटायची पाळी. जुन्या बोलण्यात बाग गेली असती. आताच्या बोलण्यात माणूस ‘फेल गेला’. ज्यांनी फेटा बांधला त्यांच्याच तोंडी हा शब्द होता. तो पारावर यायचा बंद झाला, मग हॉटेलात चहाला यायचा बंद झाला. एका पावसाळ्यात तो गेलाच. कर्ज होतं, रोग होता, भाव नव्हता, हे सगळं खरं. शब्दानं मारलं असं मी म्हणणार नाही. पण चार माणसांत येऊन बसला असता तर कुणीतरी त्याचा हात धरला असता, आणि चार माणसांत यायची त्याची वाट त्या एका शब्दानं अडवली होती. यश सगळं माणसाचं धरलं की अपयशही सगळं त्याच्याच डोक्यावर येतं. मग तेल्याचा डाग डाळिंबावरून माणसावर येतो.

यश या शब्दाचा जुना अर्थ कीर्ती. म्हणजे यशाला बघणारे लागतात. गावात मात्र तो आणखी एका रीतीनं वापरत. सुईणीच्या ‘हाताला यश’ असे. हाड बसवणाऱ्याच्या हाताला यश असे. हात तिचा, पण बाळ दुसऱ्याच्या घरात रडे. हाताला यश आहे म्हणजे तिच्या कामाचं फळ दुसऱ्याच्या पदरात पडतं, असा त्याचा अर्थ. तिच्या स्वतःच्या घरात काय होतं हे त्या शब्दात येत नसे. यश हा शब्द देणाऱ्याच्या बाजूनं वापरायची ही रीत मला फार मोलाची वाटते.

दुसरा शब्द बरकत. हा अरबीतून आला आणि आमच्या कणगीत राहिला. बरकत दिसत नाही, मोजता येत नाही. दोन घरांत सारखीच दहा पोती ज्वारी येते. एकाची होळीला सरते, दुसऱ्याची पुढच्या सुगीपर्यंत पुरते, त्यात आला-गेलाही जेवून जातो. दुसऱ्या घरात बरकत आहे म्हणायचं. यशाला फलक लागतो, बरकतीला झाकण लागतं.

खळ्यावर रास मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत. मापाडी म्हणे ‘लाभ’, मग ‘दोन’, मग ‘तीन’. लहानपणी मला वाटे, लाभ हाच आकडा आहे. आणि माप काठापर्यंत भरून सपाट करायचं नसे. वर शिग चढायची, दाणे चहूबाजूंनी ओघळायचे. शिगेला पोचणं हा शब्द तिथलाच. ओघळलेले दाणे परत राशीत ओढायचे नाहीत अशी आजीची ताकीद असे. ते चिमण्यांचे, मुंग्यांचे, खळं झाडायला येणाऱ्या बाईचे. राशीतून मग सुताराचं, लोहाराचं, कुंभाराचं माप निघे.

हे सांगताना मला जुन्या काळाची आरती ओवाळायची नाही. बलुत्याचं माप घालताना देणारा उभा असे आणि घेणारा वाकलेला असे. काम वर्षभर हक्कानं करून घ्यायचं आणि दाणे मात्र उपकार केल्यासारखे द्यायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या पदरात माप वरून पडे, हात लागू नये म्हणून. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. ते वाचल्यावर खळ्यावरच्या सुखाच्या गोष्टी सांगताना जीभ अडखळली पाहिजे. आमचं मंगळवेढं ज्वारीचं कोठार म्हणून मिरवतं, आणि याच मंगळवेढ्यात गावाची भिंत बांधताना ती कोसळून चोखोबा गेले असं परंपरा सांगते. कोठार कुणाचं आणि भिंत कुणाच्या अंगावर, हा प्रश्न भरभराटीच्या प्रत्येक गोष्टीत विचारावा लागतो. शिगेच्या मापात वाटून घ्यायची समज होती, पण सगळ्यांना सारखं माणूस धरायची समज नव्हती. पहिली ठेवायची आणि दुसरी आणायची, एवढं काम आपल्या वाट्याला आलंय.

आजचा तसाच प्रश्न पाण्याचा आहे. आमच्या शिवारात एकानं बोअर घेतलं, दोनशे फुटांवर पाणी लागलं. त्यानं ऊस लावला. शेजाऱ्याची विहीर आटली, त्यानं तीनशे फूट घेतलं. मग पहिल्याचं आटलं, त्यानं पाचशे घेतलं. ज्याच्याजवळ तिसऱ्या बोअरला पैसे होते त्याचं रान हिरवं राहिलं. बाकीच्यांची पोरं ऊसतोडीला गेली. हिरव्या रानाच्या मालकाला आम्ही ‘बागायतदार’ म्हणतो, आणि बाकीचे ‘मागं पडले’. पण मागं पडले की मागं ओढले गेले? वरून बघताना त्याचा ऊस त्याच्या बांधाच्या आत आहे. जमिनीखाली त्याची मुळी शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत गेलेली आहे. हरळीला आपण जो शब्द लावतो तो इथं लावायचा की नाही?

लावा असं मी सरसकट म्हणत नाही. त्या माणसालाही पोरं आहेत, कर्ज आहे, आणि पाणी सापडल्यावर ते उपसायचं नाही असं त्याला कुणी सांगितलेलं नाही. पण सांगणारी आणि ऐकणारी माणसं याच महाराष्ट्रात झाली. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचं काम उभं केलं. तिथला नियम असा, की पाणी जमिनीवर नाही, माणसावर वाटायचं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यात वाटा. आणि ऊस लावायचा नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात गावानं ठरवलं, शेतीला बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी करायची नाही, आणि पाऊस किती पडला त्याचा हिशेब मांडून मग पिकं ठरवायची. या दोन्ही ठिकाणी एकेकट्याच्या वाढीला लगाम घातला गेला आणि गाव पिकलं. अमुक माणूस यशस्वी झाला असं म्हणण्याऐवजी ‘गाव सुधारलं’ असं लोक म्हणतात. त्या वाक्यातही बघा, करणारा एकटा पुढं नाही.

आता ज्यांच्याकडं वाढायलाच काही नव्हतं त्यांचं काय? बाहत्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आई आणि दादा खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळे, घरात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. मंगळवेढ्याच्या माणसानं मिलोची भाकरी खायची, यापरतं दुसरं काय? जनावरं विकली, भांडी गहाण पडली. त्या वर्षाबद्दल आई एकच शब्द वापरायची, “तगलो.” त्या शब्दात रडणं नसे आणि फुशारकीही नसे. रोप लावल्यावर पहिला उन्हाळा पार करतं तेव्हा आपण म्हणतो, तगलं. त्याला फळ नाही, फूल नाही, चार पानं आहेत. पण पुढं जे काही होणार आहे ते त्या चार पानांतून होणार आहे. तगण्याला आपण हलकं समजतो. माझ्या हिशेबात ते भरभराटीच्या खालचं नाही, बुडातलं आहे. ज्याचं आयुष्य नुसतं तगण्यात गेलं त्याला कुणी अपयशी म्हणालं, तर त्या म्हणणाऱ्याच्या अंगावरचं सूत कुणी कातलं ते विचारावं.

बायकांसाठी वेगळाच शब्द आहे, नांदणं. किती गोड शब्द! नांदतं घर म्हणजे माणसांनी, आवाजानं, चुलीच्या धुरानं भरलेलं घर. सुखसमृद्धी नांदते म्हणतो आपण. पण लग्नात नांदायला जाते ती फक्त मुलगी. मुलगा नांदतो का, असं कुणी विचारत नाही. घर मोडलं की ‘ती नांदली नाही’. ज्या शब्दात सगळ्या घराचं सुख आहे त्याचा भार एकटीच्या डोक्यावर. घर नांदायचं असेल तर त्यातल्या प्रत्येकानं नांदलं पाहिजे, पुरुषानं आधी.

एवढे शब्द उलटसुलट केल्यावर मी आमच्या भाषेतल्या एका साध्या शब्दापाशी येतो. ‘वाढणं’. पोरगं वाढतं, पीक वाढतं, आणि पंगतीत आपण भाकरीही वाढतो. मोठं होणं आणि दुसऱ्याच्या पुढ्यात घालणं, दोन्हीला मराठीत एकच शब्द. ताटही दोन आहेत. रानात उभं असतं ते ज्वारीचं ताट, आणि चुलीपुढं मांडतात ते जेवणाचं ताट. पहिलं वाढतं म्हणून दुसरं वाढता येतं. इतकंच नाही, नारळ फोडला तर आपण वाढवला म्हणतो, बांगडी फुटली तर वाढली म्हणतो. फुटलं, संपलं हे अशुभ तोंडातून काढायचं नाही म्हणून वाढलं म्हणायचं, हे तर आहेच. पण नारळाच्या बाबतीत ते अक्षरशः खरंही आहे. फुटल्याशिवाय तो वाटता येत नाही.

आमच्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. बिदरच्या बादशहाचा अंमल, दुष्काळ पडलेला, माणसं अन्नावाचून मरताहेत आणि सरकारी कोठारं भरलेली. दामाजीपंतांनी ती उघडून लुटू दिली. बादशहानं पकडून आणायला माणसं धाडली, तेव्हा विठ्ठलानं विठू महाराचं रूप घेऊन सगळी रक्कम भरली, असं कथा सांगते. गंमत अशी, की आज मराठी माणूस थट्टेनं पैशालाच ‘दामाजी’ म्हणतो. खिशात दामाजी आहे का, असं विचारतो. ज्यानं कोठार रिकामं केलं त्याचं नाव आपण भरलेल्या खिशाला दिलं! हिशेबानं बघितलं तर तो माणूस बुडालेला होता. नोकरी जाणार, जीव जाणार. पण इतक्या शतकांनंतर गावाचं नाव निघालं की त्याचं नाव निघतं, आणि त्या बादशहाचं नाव इथल्या दहा माणसांना विचारलं तर एकाला येत नाही.

सगळ्यांनी दामाजी व्हावं असं माझं म्हणणं नाही. मलाही माझं कोठार प्यारं आहे. धाकट्याचं लग्न व्हावं, थोरल्याचा हप्ता लवकर फिटावा, ही माझी रोजची काळजी. फलकही लागू द्या, पोरांना उभारी येते. फक्त कुणाला ‘वाढला’ म्हणायच्या आधी पिकाला विचारतो ते त्यालाही विचारावं. बुडाला ओल आहे का? दाणा भरला का नुसतं ताट उंच झालं? शेजारच्या रानाचं पाणी ओढून तर नाही ना हे हिरवंपण? आणि कुणाच्या पुढ्यात काय वाढलं?

आमच्याकडं पंगतीत वाढपी शेवटी जेवतो. सगळ्यांची पोटं भरल्यावर त्याच्यापुढं ताट येतं, आणि उठलेल्यांपैकी कुणीतरी त्याला आग्रह करून वाढतं. त्या वेळी त्याच्या तोंडावर जे असतं त्याला काय म्हणायचं? यश म्हणवत नाही, समृद्धी म्हणवत नाही. आमची आजी म्हणायची, “पोट भरलं बग त्येचं, जेवायच्या आदीच.”